मेणाचं घर सोलापुरात वितळतं

आज्जी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायची. त्यात मोठा पाऊस यायचा आणि कावळ्याचं शेणाचं घर वाहून जायचं. मी सोलापूरची. तसला पाऊस मी फार बघितलेला नाही, उन्हाळा मात्र बघितलाय. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं, पत्र्याखाली बसवत नाही, भर दुपारी नव्या पेठेत चिटपाखरू दिसत नाही. दहावीच्या सुट्टीत अशाच एका दुपारी मनात आलं, चिमणीचं घर तर मेणाचं, ते इथं टिकेल कसं? वहीत सहा चौकटी आखल्या. पहिलीत चिमणीच्या भिंतीवरून एक थेंब ओघळतोय. सहावीत पिलाला पोटाशी धरून ती कावळ्याच्या दारात उभी आहे आणि त्याचं सारवलेलं घर आतून थंडगार आहे. दार उघडलं की नाही, ते काढलं नाही.

पुराणकथा आणि लोककथा चित्रांतून नव्यानं सांगण्याचं माझं काम तिथून सुरू झालं. आता नवी मुलं-मुली वह्या घेऊन येतात. बहुतेकांच्या वहीत देवाला जीन्स असते, राक्षसाच्या हातात मोबाइल असतो. मीही यमाला रेड्यावरून उतरवून मोटारसायकलवर बसवलं होतं. चित्र बरं झालं होतं, पण कपडे आणि वाहन बदलून गोष्ट जागची हलली नव्हती. माझा अनुभव असा की गोष्टीत जिथं कुणीच बोलत नाही, ती जागा आधी शोधावी. तिथं चित्रकाराला काम असतं.

आमच्या गड्ड्याच्या यात्रेचंच बघा. सिद्धरामेश्वर हे सोलापूरचं ग्रामदैवत, बाराव्या शतकातले योगी. त्यांच्या अंगणात रोज रांगोळी घालणाऱ्या कुंभाराच्या मुलीनं त्यांच्याशी लग्न करायची इच्छा धरली. योगी असल्यामुळं त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, अशी कथा आहे. यात्रेत त्याच लग्नाचा सोहळा होतो: संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, मग होम होतो. लहानपणापासून मी बाराबंदी घातलेल्या त्या गर्दीत अक्षता टाकत आले. पण तिनं विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं, या दोन्हींच्या मध्ये ती किती वेळ उभी होती? कथेत त्याबद्दल एक शब्द नाही. त्या वेळेला मी दोन पानं दिली. संवाद नाही. नुसते तिचे हात: बोटांना रांगोळी, नखांत माती, मागं फिरत असलेलं चाक हळूहळू थांबतंय.

पहिल्या खर्ड्यात ती प्रत्येक चौकटीत रडत होती. पानं आज्जीला दाखवली. ती म्हणाली, ती रडली कशाला असेल, तिनं तर मागून घेतलं. मी सगळे चेहरे पुन्हा काढले. म्हणून सांगते, ग्रामदैवताची कथा घेणार असाल तर छापायच्या आधी ती श्रद्धेनं सांगणाऱ्या माणसासमोर पानं ठेवा. परवानगी मागायला म्हणून नव्हे. कथा तुमच्यापेक्षा त्यांनी जास्त वेळा ऐकलेली असते.

चित्रांची मालिका करून गोष्ट सांगणं आपल्याकडं जुनं आहे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सादर करतात. सुट्या कागदांवरची चित्रं एकामागून एक पुढं धरायची आणि गाऊन कथा सांगायची. माणसं बहुतेक एका बाजूनं रेखलेली, डोळे मोठे. कॉमिक शिकणाऱ्यानं ती बघावीत, कारण एक चित्र संपून दुसरं येईपर्यंतचा क्षण कसा वापरायचा, हे तिथं कळतं. कागदावर तोच क्षण दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत असतो. थेंब ओघळला आणि घर कोसळलं, यांच्या मधलं वाचणाऱ्याला स्वतःच भरू द्या.

आता हाताचं काम. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर अख्खं पान पेन्सिलनं मांडा, तसे तीन-चार प्रकार करा. मूळ चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढा, म्हणजे लहान केल्यावर रेघ घट्ट दिसते. शाई वॉटरप्रूफच घ्या, नाहीतर वर जलरंग चढवताना सगळं पसरतं. आणि संवादाचे फुगे आधी, चित्र नंतर. देवनागरीला वर वेलांटी आणि खाली उकार लागतो, त्यामुळं दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. माझ्या पहिल्या पुस्तिकेत हे कळलं नव्हतं. कडेचे उकार कटिंगमध्ये गेले आणि शंभर प्रती तशाच वाटाव्या लागल्या. सेंटर पिन, म्हणजे मधोमध पिन मारलेली पुस्तिका करणार असाल तर पानं चारच्या पटीत ठेवा.

शिक्षणाचं थोडक्यात. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन टाका. बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांची असते. त्यासाठीच्या राज्याच्या सीईटीत, म्हणजे प्रवेश परीक्षेत, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असतं. स्मरणचित्राचा सराव आम्हाला जन्मभर पुरतो, कारण गर्दीतली माणसं समोर न बघता काढता आली पाहिजेत. पोटापाण्याचं म्हणाल तर दिवाळी अंकांची कामं पावसाळ्यात येतात, तेव्हा नमुन्याची आठ-दहा पानं उन्हाळ्यातच तयार हवीत. मानधन किती आणि कधी, हे आधी लिहून घ्या. माझे एका ठिकाणचे पैसे आजही आलेले नाहीत, कारण बोलणं फक्त फोनवर झालं होतं. जुनी कथा सगळ्यांची असते, पण दुसऱ्यानं काढलेलं तिचं चित्र त्याचं असतं. आपल्याकडं चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. राजा रविवर्मा 1906 मध्ये गेले, त्यांची चित्रं समोर ठेवून हवा तितका अभ्यास करा. कालपरवाच्या चित्रकाराची नक्कल नको.

सध्या मी सोलापूरच्या पूर्व भागातली एक कथा करतेय. तिथले पद्मशाली विणकर मार्कंडेय ऋषींना आपले मूळपुरुष मानतात आणि त्यांच्या कुळातल्या भावना नावाच्या ऋषींनी कमळाच्या तंतूंचं कापड विणलं असं सांगतात. त्यासाठी मी चौकटी ग्राफच्या कागदावर काढतेय, जसं जेकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेल्या, चादरीचं किंवा वॉल हँगिंगचं डिझाइन चौकोन भरून करतात. चौकोनांत गोल चेहरा बसवताना काय टाकायचं आणि काय ठेवायचं, ते नीट ठरवावं लागतं. चार दिवसांत एक डोळा जमला.

शेजारच्या अक्का तेलुगूत गुणगुणत पान बघत होत्या. त्यांनी उभी हयात मागावर काढलेली. ऋषींच्या हाताशी बोट नेऊन म्हणाल्या, धोटा असा धरत नाहीत. (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन.) मग स्वयंपाकघरातून लाटणं आणून दाखवलं. अंगठा वर, मनगट सैल. ते पान उद्या पुन्हा काढायचंय.