महागडी जुनी बाइक घेताय? आधी टाकीत डोकवा

किंमत अवाच्या सवा आहे हे कळूनही जीव अडकलाय ना? माझाही अडकला होता, जावा २५० वर. (किक आणि गिअर एकाच दांड्यावर, इथेच निम्मा विरघळलो.) चकाकत्या टाकीवर भुललो. झाकण उघडून टॉर्च मारला असता तर आतला तांबूस गंज तेव्हाच दिसला असता. किक मारून बघा: अगदी हलकी गेली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, हललीच नाही तर इंजिन जाम. टाकीवर चुंबक फिरवा; जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली खड्डे बुजवायला भरलेली पुट्टी. चेसिस नंबर कागदांशी जुळत नसेल तर सरळ निघा. गंज निघतो हो, पण हरवलेलं टूलबॉक्सचं झाकण शोधण्यात वर्षं जातात.