सोलापुरात जुनं काही वाचवायचंय? जेसीबी यायच्या आधी कागद करा

जेसीबी दारात आल्यावर फोनाफोनी करून काही होत नाही ओ, ड्रायव्हरला वरून सांगितलेलं असतं, तो पाडूनच जातो. आपलं काम त्याच्या वर्ष-दोन वर्ष आधी सुरू व्हायला पाहिजे.

पहिलं म्हणजे सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि मनपाच्या नगररचना विभागातून भाग नकाशा, वाड्यावरनं डीपी (शहराचा विकास आराखडा) मधला रोड चाललाय का ते त्यातच कळतं. मग संरक्षण कोणाचं ते बघा. भुईकोट किल्ला केंद्राकडे आहे म्हणून तिथं प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती लागते, म्हणजे १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. हे अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, किल्ल्याच्या दरवाजापासून नाही, बिल्डर लोक नेमकं इथंच गोलमाल करतात. बाकी काही राज्य पुरातत्त्वकडे, काही मनपाच्या हेरिटेज यादीत. यादी माहिती अधिकारात मागा.

पण गिरणीची चिमणी, पेठेतला वाडा, लिंबाखालची वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) यातलं बरंच कुठल्याच यादीत नसतं, आणि तिथंच तुमची गरज आहे. डीपीचा मसुदा आला की हरकतीला ३० दिवस मिळतात, तेव्हाच फोटो आणि सीटीएस नंबर (सिटी सर्व्हेचा नंबर) लावून लेखी द्या आणि पोच घ्याच. मी एकदा एका ऑफिसात असाच अर्ज ठेवून आलो, सहा महिन्यांनी गेलो तर असा अर्जच नाही म्हणाले, काय बोलणार.

आता फोटो. वीरगळीवर किंवा शिलालेखावर पीठ, खडू, तेल काही फासू नका. सकाळी सातला जावा, ऊन आडवं पडतं तेव्हा झिजलेली अक्षरंपण उठून दिसतात, नाहीतर रात्री टॉर्च बाजूनं धरा. शेजारी पट्टी ठेवा आणि लोकेशन चालू ठेवा. उगाच सांगत नाही, दक्षिण सोलापुरातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख अभ्यासक आनंद कुंभारांनी असाच दगड बघत फिरून उजेडात आणला, देवळाच्या तुळईवरची ओळ ती, वाचणारा विजयी होईल अशा अर्थाची. येणारे-जाणारे सगळे तिच्याखालनंच जायचे की.

ड्रेनेज खोदताना काही निघालं तर उचलू नका, जागेवरच फोटो काढा, किती फुटावर आणि कुठल्या मातीत होतं ते लिहा, कारण वस्तू थरातनं निघाली की तिचं अर्धं सांगणं गेलं. जमिनीत पुरलेला ऐवज १० रुपयांच्या वर असला तरी १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. आणि नाणी सापडली तर चिंच लावून घासू नका बे, वरची अक्षरं जातात.