एचटी-२ च्या मॉडेलमधील शेपटीचा भार मी असा हलका केला

डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत घडलेल्या आणि १९५१ साली प्रथम उडालेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाचे पाव प्रमाणातील, सुमारे २.७ मीटर पंखविस्ताराचे रेडिओ-नियंत्रित मॉडेल जुळवल्यावर त्याचा गुरुत्वमध्य बराच मागे येत होता. नाकात शिसे भरणे सोपे असले, तरी वाढीव वजनाने उतरण्याचा वेग वाढतो, म्हणून मला तो उपाय पटला नाही. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकापेक्षा लांब असल्याने तेथील प्रत्येक ग्रॅम तोलायला पुढे अधिक वजन लागते. त्यामुळे एलिव्हेटर व रडर या शेपटीवरील हलत्या पृष्ठांचे सर्व्हो, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटारी, मी पंखाजवळ आणले, तेथून पोलादी तारा नेल्या आणि बॅटरी थेट फायरवॉलला, म्हणजे नाकातील इंजिनामागच्या आडव्या भिंतीला, लावली. शिसे मुळीच लागले नाही, याचे मला मनापासून समाधान आहे. तारांचा ताण मात्र उन्हात बदलतो, म्हणून तो प्रत्येक उड्डाणापूर्वी तपासावा.