लोकशाही बाहेरून आणता येते का? या विषयावर बोलण्याची तयारी कशी करावी

गावच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात या विषयावर परिसंवाद ठेवला, की बहुतेक वक्ते इराकपासून सुरुवात करतात आणि अमेरिकेला दोष देऊन खाली बसतात. टाळ्या मिळतात, पण प्रश्न होता तिथेच राहतो. ज्याला हा विषय नीट मांडायचा आहे, त्याने आधी प्रश्नाचे तुकडे करून घ्यावेत. जुलमी सत्ता हटवणे, निवडणूक घेणे आणि हरलेल्याने सत्ता सोडणे ही तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिले काम परके सैन्य करू शकते, दुसरे बंदोबस्तात पार पाडता येते, तिसरे मात्र त्या देशातील माणसांनाच करावे लागते. टिपण काढताना प्रत्येक देशापुढे यांपैकी कोणते काम झाले आणि कोणते राहिले, याची नोंद करावी.

त्यानंतर अपयशाऐवजी यशाची उदाहरणे आधी तपासावीत, कारण प्रतिपक्ष तीच पुढे करणार आहे. १९४७ मध्ये अमलात आलेल्या जपानी संविधानाचा मसुदा अमेरिकी अधिकाऱ्यांनी जेमतेम आठवडाभरात तयार केला होता, हे खरे आहे. परंतु त्या देशात १८९० पासून संसद भरत होती आणि १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार मिळाला होता, हेही तितकेच खरे. पश्चिम जर्मनीचा १९४९ चा मूलभूत कायदा, म्हणजे तिथले संविधान, जर्मन प्रतिनिधींनीच लिहिला. त्यांच्या परिषदेचे अध्यक्ष कोनराड आडेनाउअर हे हिटलरपूर्व प्रजासत्ताकाच्या काळात कोलोन शहराचे महापौर होते. म्हणजे दोन्ही ठिकाणी मोडलेली वास्तू पुन्हा उभी राहिली, मोकळ्या माळावर नवी बांधली गेली नाही. दक्षिण कोरियाचे नावही घेतले जाते, पण तिथे खरी लोकशाही १९८७ च्या जूनमध्ये रस्त्यावर उतरलेल्या कोरियन जनतेने मिळवली.

इराक आणि अफगाणिस्तान यांवर फार वेळ घालवू नये. इराकमध्ये २००३ च्या मे महिन्यात अमेरिकी प्रशासनाच्या एका आदेशाने सारे इराकी सैन्य बरखास्त झाले आणि जानेवारी २००५ च्या निवडणुकीवर सुन्नी समाजातील मोठ्या वर्गाने बहिष्कार टाकला. काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये, परक्या फौजा निघता निघताच, वीस वर्षांची व्यवस्था कोसळली. एवढे सांगितले तरी पुरे.

वेळ द्यायचा तो गोव्याला द्यावा. आपल्या दाराशी एवढे बोलके उदाहरण असताना गोमंतकीय वक्ते ते का टाळतात, हे मला कळलेले नाही. पोर्तुगीज राजवटीत साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची संमती लागे, आणि १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी मोडली ती सभाबंदीच होती. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने ती राजवट संपवली. वर सांगितलेले पहिले काम तेवढ्याने झाले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, युनायटेड गोवन्स हा पक्ष विरोधी बाकांवर बसला आणि ज्या नेहरूंनी सैन्य पाठवले त्यांच्या काँग्रेसला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. तरीही दिल्लीने हा निकाल मान्य केला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले.

पुढची परीक्षा याहून कठीण होती. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलिनीकरणाच्या प्रश्नावर जनमत कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी फूल आणि दोन पाने या निशाण्यांवर मतदान झाले. वेगळ्या संघप्रदेशाच्या, म्हणजे केंद्रशासित प्रदेशाच्या, बाजूने १,७२,१९१ आणि विलिनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. मराठी वाचकांच्या कित्येक घरांत त्या दिवशीची निराशा अजून बोलली जाते, पण विलिनीकरण मागणाऱ्या, हरलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने निकाल मानला आणि त्यानंतरच्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ज्यांनी १९६३ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी पहिले मत दिले असे ज्येष्ठ गावात असतील, तर त्यांना आधी भेटावे. प्रचार कोणी केला, मतदानाची पद्धत कोणी समजावली, घरात मतभेद झाले का, हे नेमके विचारावे.

या आकड्यांशेजारी दोन प्रसंग ठेवावेत. १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेक यांना हटवण्यात ब्रिटन व अमेरिका यांच्या गुप्तहेर संस्थांचा हात होता. जानेवारी २००६ मध्ये पॅलेस्टिनी मतदारांनी हमासला निवडून दिल्यावर निवडणुकीचा आग्रह धरणाऱ्या पाश्चात्त्य सरकारांनीच मदत थांबवली. लोकशाही देऊ पाहणारा आपल्या मनाविरुद्धचा निकाल सोसतो का, हीच माझ्या मते या विषयाची कसोटी आहे, आणि भाषणाचा अर्धा वेळ तिच्यावर खर्च झाला तरी हरकत नाही.

प्रश्नोत्तरांत एक आक्षेप हमखास येईल: गोवा हे परराष्ट्र नव्हतेच, मग हे उदाहरण कसे लागू पडते? तो परतवू नये, मान्य करावा. मुंबईत हजारो गोमंतकीय राहत होते, त्यांनी १९५२ पासून तिथल्या निवडणुका पाहिल्या होत्या, आणि सत्याग्रहासाठी गोव्यातील माणसे तुरुंगात गेली होती. त्यामुळे सैन्य आले तेव्हा मतपेटीची मागणी इथे आधीच होती. उलट, जो पोर्तुगाल येथून गेला त्याच्या स्वतःच्या राजधानीत १९७४ च्या एप्रिलपर्यंत हुकूमशाही होती आणि ती त्याच्याच सैन्यातील अधिकाऱ्यांनी उलथली, बाहेरच्या कोणी नव्हे.