ॲक्रेलिक वॉश वाळला की गोल डाग पडत होते, शेवटी असं जमलं

टी-५५ रणगाड्याचं १:३५ चं मॉडेल (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं). वॉश (खाचांत उतरून त्या गडद दाखवणारा पाणचट रंग) मारला की पाच मिनिटांत कपाच्या बुडासारखे गोल डाग, आणि रिव्हेटच्या कडेला जिथे पाहिजे तिथे कायबी नाही. पाणी वाढवलं तर डाग अजून मोठे, ब्रश बदलला तरी तेच. दोनदा पुसून काढला, डोकं पार आउट झालं होतं.

भानगड अशी की मॅट रंग खरखरीत, तो वॉश शोषून घेते आणि नागपूरचा मे महिना, वरून कूलरचा वारा थेट टेबलावर, त्यामुळे थेंबाची कड आधी वाळते नि रंग तिकडेच जमा होते.

आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ कोट, २४ तास सुकू दिलं. मग १ भाग काळपट तपकिरी रंग, १० भाग डिस्टिल्ड वॉटर, दोन थेंब रिटार्डर (रंग हळू वाळावा म्हणून टाकतात ते) आणि टूथपिकच्या टोकावर येईल एवढंच भांड्याचं लिक्विड (जास्त झालं की फेस येते). कूलर बंद. एकच पॅनल साध्या पाण्याने ओलं केलं, शून्य नंबरच्या ब्रशचं टोक फक्त खाचेला टेकवलं, वॉश आपोआप पळत गेला. मिनिटभराने ओलसर इअरबडने वरून खाली पुसलं, मगच पुढचं पॅनल. दुसऱ्या दिवशी मॅट वार्निश.