खाणमुलखातील आद्य व्यापाऱ्याचे चरित्र कसे जुळवावे

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील जोसेफ लाद्यू यांच्यासारख्या व्यापाऱ्याचे चरित्र लिहायचे असेल, तर आरंभ सोन्यापासून नव्हे, जमिनीच्या नोंदींपासून करावा. ऑगस्ट १८९६ मध्ये क्लोंडाइकच्या एका ओढ्यात सोने सापडल्याची वार्ता फुटताच बाकीचे लोक खाणीचे दावे नोंदवायला धावले. लाद्यू यांनी मात्र क्लोंडाइक आणि युकॉन नद्यांच्या संगमावरील दलदलीची सपाट जमीन नगरासाठी आखून घेतली, आपली लाकूड कापण्याची गिरणी तेथे हलवली आणि डॉसन सिटी वसवली. म्हणून प्रथम भूखंडांचे नकाशे व विक्रीच्या नोंदी पाहाव्यात, मग हिशेबवह्या, आणि वर्तमानपत्रे सर्वांत शेवटी. हिशेबवही हाती लागली, तर फळ्या, खिळे आणि उधारी यांच्या रकान्यांवर खुशाल वेळ घालवावा, कारण माणसाचा स्वभाव तेथेच उघडा पडतो. वर्तमानपत्रांतील संपत्तीचे आकडे (ते बहुधा फुगवलेलेच असतात) दुसऱ्या कागदाशी ताडल्याशिवाय घेऊ नयेत. हिवाळ्यात नदी गोठली की आगबोटी बंद पडत, त्यामुळे प्रत्येक व्यवहाराचा महिना टिपून ठेवावा. एकाच मालाचा भाव अचानक का चढला, हे एरवी उलगडत नाही. लाद्यू १९०१ मध्ये क्षयाने वारले. तेव्हा मृत्युपत्र आणि वारसांचे कागदही धुंडाळावेत.