पेरिकार्डिएक्टमीला जाताना सीटीची सीडी आधी पिशवीत टाका

पेरिकार्डिएक्टमी म्हणजे हृदयाभोवतीची जाड झालेली पिशवी (पेरिकार्डियम) सोलून काढायचं ऑपरेशन. त्याला जाताना सगळ्यात आधी सीटी स्कॅनची सीडी. रिपोर्ट नव्हे, सीडी. आईच्या वेळी मी सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाइलला लावून नेले आणि सीडी कपाटातच राहिली. रिपोर्टात एक ओळ होती, पेरिकार्डियम जाड झालंय, कॅल्शियम साचलंय. तेवढ्यावर सर्जनचं भागत नाही. एरवी जेमतेम १-२ मिलिमीटर जाडीची ही पिशवी कुठे दगडासारखी झालीय, कॅल्शियम हृदयाच्या स्नायूत कुठे घुसलंय, हे त्यांना स्वतः बघायचं असतं. सोलून काढायचं त्यांनाच आहे ना! मग पुन्हा स्कॅन, पुन्हा कॉन्ट्रास्ट (स्कॅनसाठी शिरेतून देतात ते औषध), तोही आधीच थकलेल्या किडनीवर. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं आणि ऑपरेशन पुढे गेलं.

म्हणून सीडी घरीच कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि एक कॉपी करून ठेवा. इकोचीही असेल तर घ्या.

ओळखपत्र, कपडे वगैरे कुणी विसरत नाही. गोळ्या मात्र नावानिशी लिहून न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगा. ती कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका. टीबी झाला असेल तर औषधं कधी सुरू झाली, मध्ये खंड पडला का, हे खरं सांगा. पूर्वी छातीला रेडिएशन किंवा बायपास झाली असेल तर तेही. रोज सकाळी वजन करून वहीत मांडा. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघा, पण पाण्याची गोळी (लघवी वाढवून सूज उतरवणारी) आपणहून वाढवू नका.

सीडी घेतली का?

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की पिशवी निघाली म्हणजे दुसऱ्या दिवशी माणूस चालू लागेल असं नाही. बरेच महिने आवळलेलं हृदय हळूहळू सावरतं. आयसीयूत औषधांचा आधार लागू शकतो, पायांची सूजही रेंगाळते. ऑपरेशनसाठी कापलेलं छातीचं हाड जुळायला ६ ते ८ आठवडे. तोवर जड उचलणं नाही, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. ताप आला, जखमेतून पाणी आलं, वजन एकदम वाढलं, तर लगेच फोन करा.

डिस्चार्जला काढलेल्या पिशवीच्या बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या. आणि सीडी परत घ्या.